रेटा

घाटकोपरला सकाळी लोकलमधून उतरलेली गर्दी मेट्रोच्या जिन्याकडे वळते, तेव्हा पाय आपले असले तरी चाल आपली नसते. मी सॅक पाठीवरून काढून छातीशी घेतो आणि दोन्ही कोपरं तिच्यावर टेकवतो. चोरीच्या भीतीने नव्हे. छाती आणि पुढच्याची पाठ यांत चार बोटं जागा राहिली, तर श्वास घेता येतो.

प्राचीन ग्रीक पायदळाबद्दल वाचताना ही सॅक आठवली. ढालीला ढाल भिडायची आणि मागच्या रांगा पुढच्यांना रेटायच्या. याला ग्रीक शब्द ओथिस्मॉस. इ.स.पू. 424 मध्ये डेलियमच्या लढाईत थीबन सैनिक 25 रांगांत उभे होते, समोरचे अथेनियन 8 रांगांत. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज लिहितो की ढालींची रेटारेटी झाली आणि थीबनांनी अथेनियनांना हळूहळू मागे सारलं. हा रेटा खरंच अंगाचा होता की नुसता बोलण्यातला, यावर अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही. एवढ्या भाराखाली पुढचा गुदमरला नसता का, असं शंका घेणारे विचारतात. मला रेटा अंगाचाच वाटतो, तो त्या ढालीमुळे. जवळजवळ 90 सेंटिमीटर रुंद, वाडग्यासारखी खोलगट. तिची कड खांद्यावर नि मांडीवर टेकली की आतल्या पोकळीत छाती हलायला जागा उरते.

29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर ही जागा उरली नाही. पावसामुळे माणसं जिन्यावर थांबली होती, मागून आणखी येत राहिली. चेंगराचेंगरीत 23 जीव गेले. मागचा माणूस कुणाला मारायला निघालेला नसतो. तो एक पाऊल टाकतो, इतकंच. त्याला पुढचं दिसत नाही.

ग्रीक लेखक झेनोफोनच्या लिखाणात एक तरुण सॉक्रेटिसला सांगतो की उत्तम माणसं पहिल्या रांगेत ठेवावीत आणि तितकीच उत्तम शेवटच्या रांगेत. आपण मात्र शिट्टीवाला शिपाई उभा करतो तो जिन्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे पहिल्या रांगेशी. तो हवा खाली, शेवटच्या रांगेशी, जिथे गर्दी आत शिरते तिथे. येणाऱ्याला थोपवण्याचा अधिकार त्याच्या हातात हवा.

परवा घाटकोपरच्या त्याच जिन्यावर एक शाळकरी मुलगी कठड्याशी दाबली जात होती. शेजारच्या बाईंनी दोन्ही तळवे कठड्यावर रोवले, पाठीला बाक दिला आणि सगळा भार अंगावर घेतला. त्यांच्या हातांच्या कमानीत ती मुलगी दप्तर सावरत उभी होती.