दडविलेली पुस्तके

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, रेड नदीच्या काठाने व आसपासच्या गवताळ मैदानात, फ्रेंच भाषिकांची लहान लहान गावे आहेत. नदीपासून आत गेलेल्या अरुंद, लांबलचक शेतांच्या पट्ट्या, मध्ये चर्च, शेजारी जोगिणींची शाळा आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतरचे घरोघरचे जेवण, एवढ्या शिदोरीवर या समाजाने आपले फ्रेंचपण जतन केले. आमचे लक्ष मात्र वेधले ते तेथील शाळांतील एका जुन्या प्रघाताने.

१८७० च्या कायद्याने प्रांताच्या विधिमंडळात व न्यायालयांत फ्रेंचला इंग्रजीच्या बरोबरीचे स्थान होते. १८९० मध्ये ते गेले. १९१६ मध्ये शाळांतील फ्रेंच माध्यमही गेले. शिक्षिका तरीही फ्रेंच शिकवीत राहिल्या. सरकारी निरीक्षकाची चाहूल लागली की फ्रेंच पुस्तके दडविली जात आणि इंग्रजी पुस्तके मेजावर येत.

रविवारी सत्य बोलावे म्हणून शिकविणाऱ्या जोगिणीने सोमवारी आठ वर्षांच्या मुलाला पुस्तक लपवावयास सांगावे, हे नीतीला धरून आहे काय? अन्याय्य कायदा पाळण्याचे बंधन नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गांधीजींचा सत्याग्रही कायदा उघड मोडतो आणि शिक्षा स्वतः भोगतो; येथे तर मोडणे झाकलेले, आणि झाकणारे हात मुलांचे. उलट, शिक्षिका उघडपणे उभी राहून नोकरीस मुकती, तर वर्गातील फ्रेंचही तिच्याबरोबर जाती. या असत्याचा दोष आम्ही कायदा करणारांच्या पदरी घालतो. मुलाला लागलेली लपविण्याची सवय मात्र कोणाच्या पदरी घालावी, हे आम्हांस सुचत नाही. (आमच्या राज्यघटनेत १९५६ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयीचे कलम ३५०-अ आले, परप्रांतांतील आमच्या मुलांची मराठी पुस्तके कोणीही न दडविता कपाटात पडून असतात, ही गोष्ट वेगळी.)

आणि तो निरीक्षक? काही निरीक्षक सारे जाणून कानाडोळा करीत, असे सांगतात. फायलींत जन्म काढणाऱ्या आम्हांस तोच अधिक जवळचा वाटतो. शिक्षिकेच्या पाठीशी तिचे गाव होते. याच्यापाशी होता तो केवळ पगार आणि मनातील शंका. आपल्या अहवालावर सही करताना त्याने स्वतःची समजूत कशी घातली असेल?

जॉर्ज फोरे यांनी दुसरा मार्ग धरला. मोटार उभी करण्याच्या नियमभंगाबद्दल १९७६ मध्ये त्यांना आलेली नोटीस केवळ इंग्रजीत होती. त्यावरून ते न्यायालयात गेले आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८९० चा कायदा अवैध ठरविला. मार्ग निष्कलंक, यात शंका नाही. शाळांतील फ्रेंच माध्यम त्याआधीच, १९७० मध्ये, पुन्हा मोकळे झाले होते. १९१६ मध्ये पहिलीत बसलेले मूल तोवर साठीला पोचले होते.