पगारावर चालणारा देश

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माहुलच्या किनाऱ्यावर, १९५४-५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. स्टॅनव्हॅकचा कारखाना पुढे हिंदुस्थान पेट्रोलियमकडे गेला, बर्मा-शेलचा १९७६ मध्ये सरकारी होऊन पुढे भारत पेट्रोलियमचा झाला. या कारखान्यांत बसऱ्याहून येणारे कच्चे तेल वर्षानुवर्षे शुद्ध होत आले आहे. रशियाने २०२२ नंतर मागे टाकेपर्यंत काही वर्षे इराक हाच भारताचा सर्वांत मोठा तेलपुरवठादार होता. नाते त्याहून जुनेही आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकमधील फाओच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेचे नाव सहावी पुणे डिव्हिजन होते. शेजारच्या अबादानमधील ब्रिटिश तेलकारखान्याचे रक्षण हा तिच्या मोहिमेचा एक हेतू होता. तिच्यातल्या १०३ आणि ११० या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कैदेत गेल्या. पुढे १९९० च्या ऑगस्टमध्ये सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या, तेव्हा अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले आणि त्यातली बहुतेक विमाने अंधेरीजवळच्या सहार विमानतळावर उतरली. इराकचे पुढे काय होणार, हा प्रश्न आपल्याला परका नाही तो यामुळे. पण त्याचे उत्तर शोधायचे तर आधी एक विचार कसा घडत गेला ते पाहावे लागते. तेल सापडलेला देश गरीब आणि अस्थिर का राहतो, हा तो विचार.

१९२७ च्या ऑक्टोबरमध्ये किर्कूकजवळ बाबा गुरगुर येथे तेलाचा फवारा उसळला, तेव्हा असा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता. पैसा नाही म्हणून देश मागास, पैसा आला की सुधारेल, ही त्या काळाची श्रद्धा होती. १९५० मध्ये बगदादमध्ये विकास मंडळ स्थापन झाले आणि पुढे तेलाच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा त्याच्या हवाली राहिला. कागदावर ही योजना आजही आदर्श वाटते. मंडळाने धरणे बांधली, पूर अडवले. पण त्याच वर्षांत जमीनदारांच्या जाचाने खेडी सोडून आलेली माणसे बगदादच्या कडेला बोरूच्या झोपड्यांत राहत होती. लोकांना लवकर दिसतील आणि उपयोगी पडतील अशा घरे-पाण्याच्या कामांनाही पैसा द्या, असे मंडळाचे ब्रिटिश सल्लागार लॉर्ड सॉल्टर यांनी १९५५ च्या आपल्या अहवालात सुचवले. तीनच वर्षांनी, १४ जुलै १९५८ रोजी, राजा आणि राज्य दोन्ही संपले. यातून निघालेला धडा असा, की तेल परक्या कंपनीच्या हाती आहे तोवर त्याचा लाभ जनतेला होणार नाही. हा धडा चुकीचा नव्हता, अपुरा होता.

ओपेकची स्थापना सप्टेंबर १९६० मध्ये बगदादमध्येच झाली, याला म्हणूनच अर्थ आहे. १९७२ मध्ये इराकने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, १९७३ मध्ये भाव भडकले आणि १९८० पर्यंत तेलाचे वार्षिक उत्पन्न सुमारे २६ अब्ज डॉलरवर पोहोचले. मोफत रुग्णालये, विद्यापीठे, प्रौढांना अक्षरे शिकवणारी प्रचंड मोहीम हे सगळे खरोखर झाले, आणि ते विसरणे अन्यायाचे ठरेल. पण त्याच पैशाच्या बळावर सप्टेंबर १९८० मध्ये एका माणसाने इराणशी युद्ध पुकारले आणि ते ८ वर्षे चालले. युद्ध सुरू करताना त्याला कोणाकडे नवा कर मागावा लागला नाही. म्हणजे मालकी स्वदेशी झाली, तरी मूळ दुखणे राहिलेच. ते ओळखणारे दोघे तेलाच्या देशांतलेच होते. इराणी अर्थतज्ज्ञ होसेन महदावी यांनी १९७० मध्ये मांडले, की ज्या सरकारचे उत्पन्न बाहेरून, भाड्यासारखे येते, ते आपल्या प्रजेपासून सुटे होते. आणि ओपेकच्या संस्थापकांपैकी एक असलेले व्हेनेझुएलाचे पेरेझ अल्फोन्सो उतारवयात तेलाला सैतानाची विष्ठा म्हणू लागले. रिचर्ड ऑटी यांनी १९९३ मध्ये ‘साधनसंपत्तीचा शाप’ हा शब्दप्रयोग रूढ केला, १९९५ मध्ये सॅक्स आणि वॉर्नर यांनी आकडेवारी जुळवून दाखवली. पण माझ्या मते गाभा महदावींनीच पकडला होता. नंतरच्या आकडेवारीने त्याला वजन दिले, खोली दिली नाही.

त्या गाभ्याचे मोल मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने गावोगाव सांगितले, की पीक बुडाले असेल तर दुष्काळ संहितेप्रमाणे शेतसाऱ्यात सूट मागणे हा रयतेचा हक्क आहे. १९२८ मध्ये बार्डोलीने सारा भरायचे नाकारले आणि मुंबई सरकारला बरीचशी वाढ मागे घ्यावी लागली. ते सरकार परकीय होते, निवडून आलेले नव्हते, तरी त्याला रयतेचा पैसा हवा होता. म्हणून रयतेच्या नकाराला किंमत होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदाद, नासिरिया आणि बसऱ्यात रस्त्यावर उतरलेल्या तरुणांकडे हे हत्यार नव्हते. सरकारला ते काही देतच नव्हते, मग नाकारणार काय? शेवटी त्यांनी उम्म कस्र बंदराची वाट अडवली, कारण पैसा येतो-जातो ती जागा तेवढीच. त्या आंदोलनात सुमारे ६०० माणसे मारली गेली. पंतप्रधान गेले, व्यवस्था राहिली. (मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ आहे. मुलुंड-बोरिवलीतल्या लहान घरांना हा दिलासा हवाच होता. पण पालिकेच्या तिजोरीशी असलेला एक धागा त्याने सैल झाला, हेही नोंदवायला हवे.)

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. इराकची वाट तेलाने लावली की बाहेरच्यांनी? १९९० पासून १३ वर्षे निर्बंध, २००३ चे आक्रमण, त्याच वर्षी मे महिन्यात एका आदेशाने बरखास्त केलेले सैन्य, या घावांनंतर कोणता देश उभा राहिला असता? हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. शापाचा सिद्धांत सांगताना आक्रमकांचा दोष झाकला जात असेल, तर तो सिद्धांत अप्रामाणिक ठरतो. तरीही २००३ नंतर काय झाले ते बघावे लागते. निवडणुका झाल्या, २००५ ची राज्यघटना आली, तेल आणि वायू सर्व इराकी जनतेच्या मालकीचे असे तिच्या १११ व्या कलमात लिहिले गेले. परंतु ते वाटायचे कसे हे ठरवणारा कायदा २००७ च्या मसुद्यापुढे सरकला नाही. त्याऐवजी शिया, सुन्नी आणि कुर्द पक्षांनी खाती वाटून घेतली आणि आपापल्या खात्यात आपली माणसे भरली. जुन्या वतनदारीत वतन घराण्याकडे राहत असे, इथे खाते पक्षाकडे राहते. आज ४० लाखांहून अधिक सरकारी नोकर आणि त्यांच्या जोडीला निवृत्तिवेतनधारक यांचा भार सरकारी उत्पन्नाचा सुमारे ९० टक्के भाग पुरवणाऱ्या तेलावर आहे. भ्रष्टाचार आहेच. पण चोरलेल्या पैशापेक्षा कायदेशीरपणे वाटलेला पैसा सुधारणेच्या आड जास्त येतो, कारण त्याचे लाभार्थी घराघरात आहेत आणि त्यांच्यापाशी दुसरा रोजगार नाही. त्यांना दोष कसा द्यावा?

दुसरा आक्षेप नॉर्वेचा. तिथे तेल आहे, शाप नाही. पण नॉर्वेची राज्यघटना १८१४ ची आणि मोठे तेलक्षेत्र सापडले १९६९ मध्ये. कर गोळा करणारे आणि हिशेब मागणारे राज्य तोवर पक्के झाले होते. आपलेच उदाहरण घ्यावे. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागले, तेव्हा भारतात संसद, प्राप्तिकर आणि लेखापरीक्षण आधीपासून होते. राज्यघटनेच्या २९७ व्या कलमाने समुद्रतळाची संपत्ती केंद्राची, म्हणून किनाऱ्यावरचे राज्य त्यावर स्वतंत्र संस्थान उभारू शकत नव्हते. इतक्या मोठ्या देशाच्या अंदाजपत्रकात तेल एक बाब होऊन राहिले. इराकमध्ये उलट घडले. देश १९३२ मध्ये स्वतंत्र झाला तो तेल सापडल्यानंतर ५ वर्षांनी, आणि राज्ययंत्रणा तेलाच्या पैशावरच वाढली. २०११ मध्ये हेबर आणि मेनाल्डो या अभ्यासकांनी दीर्घकाळाची आकडेवारी तपासून म्हटले, की तेलामुळे हुकूमशाही येते असे सरसकट दिसत नाही. ते खरे मानले तरी माझ्या मुद्द्याला बाध येत नाही. तेल आधीचीच घडण कायम करते, आणि इराकची आधीची घडण कच्ची होती.

इराकी नेत्यांना हे कळत नाही असे नाही. २०२० मध्ये भाव कोसळले, पगार रखडले, आणि अर्थमंत्री अली अल्लावी यांनी ऑक्टोबरमध्ये श्वेतपत्रिका काढली. पगारावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवरून निम्म्यावर आणावा, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. डिसेंबरमध्ये दिनारचे अवमूल्यनही झाले. मग भाव चढले. अल्लावींनी ऑगस्ट २०२२ मध्ये राजीनामा दिला आणि २०२३ च्या अंदाजपत्रकात नोकरभरती पुन्हा मोठ्या प्रमाणावर आली. या एका घटनेत मला इराकचे भवितव्य सर्वांत स्वच्छ दिसते. सुधारणा संकटात सुचते आणि तेजीत मरते. २०२४ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचार कोटींच्या वर निघाली. त्यात तरुणांचा वाटा मोठा आहे, आणि त्या सर्वांना पुरेल इतका पगार तेलाच्या कोणत्याही भावात निघणार नाही.

मग देश फुटेल का? तसे मला वाटत नाही, आणि याचेही कारण पगारच आहे. बगदादने २०१४ पासून कुर्दिस्तानचा वाटा अडवला, तेव्हा तिथले शिक्षक आणि कर्मचारी महिनोन्‌महिने थकबाकीत राहिले. २०१७ च्या सार्वमतात तिथे स्वातंत्र्याला भरघोस कौल मिळाला, पण महिन्याभरात किर्कूक हातचे गेले आणि स्वप्न मागे पडले. सर्वांना धरून ठेवणारा पैसा बसऱ्याच्या विहिरींतून येतो. त्या बसऱ्यात २०१८ च्या उन्हाळ्यात नळाचे दूषित पाणी पिऊन लाखाहून अधिक लोक रुग्णालयात पोहोचले होते. घटनेच्या ११९ व्या कलमाने प्रांताला स्वायत्त प्रदेश होण्याची मागणी करता येते. बसऱ्याने ती पूर्वी करून पाहिली आहे आणि ती फसली आहे. पुढची मोठी मंदी आली आणि बगदादहून पगार थांबले, तर बसरा ती पुन्हा करील. तेव्हा त्याला अडवायला बगदादकडे नवी भरती देण्याइतका पैसा उरलेला नसेल.