पाच वर्षांचा बेत

डब्लिनला आलो तेव्हा आमचा बेत पक्का होता : पाच वर्षे नोकरी करायची, पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते फेडायचे आणि परत जायचे. तोवर आई-बाबांना दर रविवारी फोन. आपल्यापैकी अनेकांचा हिशेब असाच असेल, आकडे तेवढे वेगळे.

ट्रिनिटी कॉलेजच्या लाँग रूममध्ये ॲरिस्टॉटलचा संगमरवरी अर्धपुतळा पाहिला आणि कुतूहलाने त्याचे वाचू लागलो. हा माणूसही अथेन्समध्ये परकाच! स्टॅगिराहून १७ व्या वर्षी प्लेटोच्या अकादमीत आला, २० वर्षे राहिला. पण परक्यांना तिथे जमीन घेण्याचा हक्क नव्हता.

आयुष्याला ध्येय हवे, हे त्याला मान्यच. मात्र सुख रोजच्या वागण्यात असते, असे तो म्हणतो. वीणा वाजवूनच माणूस वादक होतो, तसे सद्गुणही आचरूनच अंगी येतात. त्याच्या नीतिशास्त्राच्या दहा भागांपैकी दोन मैत्रीवर आहेत, आणि त्या मैत्रीत आई-वडील व मुलेही येतात. अंतराने नाते तुटत नाही, पण ताटातूट फार लांबली तर विसर पडतो, हे त्याचे निरीक्षण मला झोंबले.

कारण तोवर उशीर झाला होता. 'परत गेल्यावर बाबांजवळ निवांत बसू' म्हणता म्हणता अकरा वर्षे गेली. बाबा गेले तेव्हा मी विमानात होतो. फ्लॅटचे हप्ते केव्हाच फिटले होते.

आता कामाला निघण्यापूर्वी आईला रोज फोन करतो. तिच्याकडे दुपार होत आलेली असते. भाजी कोणती केली ते ती सांगते, मी ऐकतो. परतीचा बेत अजून आहेच.