मृत्तिकेचे ऋण : महेश्वर-क्षेत्राचे एक चिंतन



भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपण गणरायापुढे पूजेस बसतो, तेव्हा संकल्पात ‘पार्थिव’ हा शब्द उच्चारला जातो. आपण तो ऐकतो आणि पुढील उपचाराकडे वळतो. पार्थिव म्हणजे पृथ्वीचे, मातीचे. पूजेच्या आरंभीच हा शब्द का यावा, याचे उत्तर शोधण्यास आपणां इंदूरकरांना फार दूर जावयास नको. विंध्याचा घाट उतरून निमाडात गेले की नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वर लागते. त्या गावाचा इतिहास व तेथील उत्सव हेच या एका शब्दाचे भाष्य होय.

परंपरा या स्थानास माहिष्मती म्हणते व सहस्रार्जुनाची राजधानी मानते. भूमीनेही आपली साक्ष दिली आहे. इ. स. १९५२-५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी महेश्वर येथे आणि समोरच्या तीरावरील नावडातोली येथे उत्खनन केले. नावडातोलीस सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उघडकीस आली. तेथे झोपड्यांच्या खुणा मिळाल्या, रंगविलेली मडकी मिळाली आणि जळून काळे पडलेले धान्याचे दाणेही मिळाले. त्यांत गहू होता, मसूर होती, मूग व वाटाणा होता. तेथे राज्य कोणाचे होते हे त्या थरांतून कळत नाही. परंतु पेरणारा होता, कापणारा होता आणि त्याला अन्न देणारी हीच माती व हीच रेवामाई होती, एवढे निश्चित कळते.

याच तीरावर पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी इ. स. १७६७ मध्ये आपली राजधानी आणली. पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात इ. स. १७५४ मध्ये पडले होते, इ. स. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढल्याच वर्षी पुत्र मालेराव गेला. एवढे दुःख उरी घेऊन ही माउली नर्मदेकाठी येऊन बसली. तिने घाट बांधिले, विणकर वसविले आणि इ. स. १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत राज्य शंकराचे मानून चालविले. पुढे इ. स. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली. परंतु महेश्वरची एक रीत तेथेच राहिली. तिचे नाव लिंगार्चन. वाड्यातील देवस्थानी ब्राह्मण काळ्या मातीची लहान लहान शिवलिंगे घडवितात, त्यांची यथाविधी पूजा करितात आणि नंतर ती नर्मदेत विसर्जित करितात. अहिल्यादेवींच्या काळापासून ही परंपरा चालत आली आहे.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या देवींनी काशीस विश्वेश्वराचे मंदिर पाषाणात उभे केले, त्यांच्या स्वतःच्या वाड्यातील उपासना मात्र मातीची आहे. सकाळी घडविलेला देव त्याच दिवशी पाण्यात विरतो आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घडतो. पृथ्वीकडून जे घेतले, ते पूजून, पवित्र करून, पुन्हा तिला द्यावयाचे, असा याचा अर्थ. आवाहन हे जसे पूजेचे अंग, तसेच विसर्जन हेही पूजेचेच अंग आहे. ज्याला परत देणे साधले नाही, त्याची पूजा अर्धीच राहिली.

निमाडातील शेतकऱ्यांचा गणगौर उत्सव हेच सांगतो. आपल्या अमान्त गणनेने फाल्गुन वद्य एकादशीस टोपल्यांतून माती घालून गहू पेरतात. त्या स्थानास ‘माताकी वाडी’ म्हणतात. ते कोवळे जवारे म्हणजेच गौरी, म्हणजेच निमाडाची लेक रणुबाई. चैत्र शुद्ध तृतीयेच्या सुमारास रणुबाई व धणियर राजा यांचे रथ मिरवितात, स्त्रिया गीते गातात, आणि शेवटी जवारे जलाशयात सोडून लेकीची पाठवणी होते. त्याच तृतीयेस आपल्या मराठी घरांत चैत्रगौर झोपाळ्यावर बसते. तेथे लेक सासरी निघते, येथे ती माहेरी येते, गौरी एकच. तसेच माघ शुद्ध सप्तमीचे. आपण त्या दिवशी रथसप्तमी करितो, तर महेश्वरच्या घाटावर नर्मदाजयंतीचे दीप लागतात.

कोणी म्हणेल, ‘हे सर्व ठीक; परंतु नर्मदा त्यांची, आम्ही तर विंध्याच्या माथ्यावर राहतो.’ सज्जनहो, इ. स. १९७८ पासून मंडलेश्वराजवळील जलूद येथून नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटर वाहून व घाट चढवून इंदुरास आणिले जाते. ज्या तांब्याने आपण प्रातःकाळी देवास स्नान घालतो, त्यात बहुधा तीच आहे. आपण तिच्याकडे जाण्यापूर्वी ती आपल्याकडे आली. आणि आपण काय परत केले? आपल्या गावची खान नदी या शहराचे सांडपाणी पोटात घेऊन क्षिप्रेकडे, म्हणजे महाकालाच्या तीर्थाकडे, वाहत आली. तिच्या शुद्धीचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. परंतु प्रत्येक घराने आपला वाटा ओळखल्यावाचून ते पुरे पडणार नाहीत.

म्हणून एवढीच विनंती. गणपती मातीचाच आणावा. प्लास्टरची मूर्ती पाण्यात सहजी विरत नाही. तिच्यापुढे ‘पार्थिव’ म्हणणे हा आपलाच शब्द खोटा पाडणे होय. मूर्ती लहान असली तर उणेपणा मानू नये. महेश्वरचे लिंग बोटाएवढेच असते. हरतालिकेस आपल्या मायबहिणी वाळूचे लिंग करितात, तेही मोठे नसते. विसर्जन घरीच स्वच्छ पात्रात करावे, विरलेली माती तुळशीवृंदावनात घालावी व निर्माल्य नदीत न टाकता झाडाच्या मुळाशी द्यावे. मुलांना हे हाताने करू द्यावे. उपदेशाने जे कळत नाही ते मातीला हात लागला की कळते.

श्रावण वद्य चतुर्दशीस आपण देवींची पुण्यतिथी पाळतो. त्या दिवशी प्रतिमेस हार घालून झाल्यावर मनास एक प्रश्न विचारावा : या वर्षी मी पृथ्वीकडून काय घेतले आणि त्यातले काय स्वच्छ करून परत दिले? या प्रश्नाचे उत्तर ज्याला समाधानाने देता येईल, त्याची पार्थिव पूजा सफल झाली.

नर्मदामाता आपणां सर्वांस ही सद्बुद्धी देवो. शुभं भवतु.