दार उघडणं आणि दाराला भोक पाडणं

एखाद्यासाठी दार उघडणं आणि एखाद्यासाठी दाराला कायमचं भोक पाडणं, यात फरक काय?

वरवर पाहिलं तर काहीच नाही. दोन्हीकडे ज्याला आत यायचंय तो आत येतो. पण पहिल्या प्रकारात दर वेळी कुणीतरी ठरवत असतं, आता उघडायचं की थोडा वेळ ओरडू द्यायचं. दुसऱ्या प्रकारात हे एकदाच ठरतं. पहिली मेहेरबानी असते, दुसरा हक्क असतो. मेहेरबानी रोज नव्याने मागावी लागते. हक्क असला की मागावं लागत नाही, आभारही मानावे लागत नाहीत. मांजर तसंही आभार मानत नाही, हा भाग वेगळा.

हा प्रश्न आमच्या घरात आला तो परसदारामुळे. लिंबागणेशला आमचं परसदार पत्र्याचं आहे, लोखंडी चौकटीत बसवलेलं. आईकडे एक मांजरी येते. येते म्हणजे राहते, पण ‘पाळलीय’ असं आई म्हणत नाही. रात्री मांजरी दार खरवडते, आई उठून उघडते, तासाभराने मांजरीला परत बाहेर जायचं असतं. आईचे गुडघे दुखतात. तिनं फोनवर सांगितलं, वेल्डिंगवाल्याला बोलावून दाराला खाली वीतभर भोक पाडून घेते, वरून झडप लावते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच वाद सुरू झाला. साप येईल. घूस येईल. शेजारचा बोका येईल. पावसाचं पाणी येईल. एवढ्याशा मांजरीसाठी चांगलं दार कशाला कापायचं? आईचं उत्तर एका ओळीचं होतं: “मपल्या घराचं दार हाय ते.”

गावात भालचंद्र गणपतीचं जुनं देवस्थान आहे. उंदराला वाहनाचा मान देणाऱ्या देवाच्या गावात मांजरीची बाजू घ्यायची म्हणजे थोडं अवघडच. पण धान्याच्या पोत्याशेजारी झोपणाऱ्या माणसाला वाहन कोण आणि भक्ष्य कोण हे वेगळं सांगावं लागत नाही.

पूर्वी हा वाद झाला नसता, कारण घरंच बंद नव्हती. माळवदाच्या घराला उजेड यायला आणि चुलीचा धूर जायला वर सवणं असायचं, भिंतीत झरोके असायचे. मांजर कुठून येतं हे कुणी विचारत नव्हतं. मांजराला अडवायचं असेल तर दार नाही, दूध उंचावर टांगायचे. म्हणून तर शिंकं आलं, आणि शिंकं तुटल्यावर बोक्याचं फावणारी म्हणही आली. स्लॅब पडला, पत्र्याची दारं आली, खिडक्यांना जाळ्या लागल्या, आणि घर पहिल्यांदाच पूर्ण बंद करता येऊ लागलं. पूर्ण बंद करता येतं, म्हणूनच आता कुणासाठी उघडं ठेवायचं हे ठरवावं लागतं. सोय वाढली की नैतिक प्रश्नही वाढतात, ते असे.

दाराला मांजरासाठी भोक पाडणं ही नवी गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराच्या कॅथेड्रलमध्ये जुन्या खगोलीय घड्याळाखाली एक लाकडी दार आहे आणि त्याच्या तळाशी गोल भोक आहे. 1598 मध्ये तिथल्या बिशपने सुताराला 8 पेन्स देऊन ते पाडून घेतलं. घड्याळाच्या यंत्राला चरबी लावत, चरबीसाठी उंदीर येत, उंदरांसाठी मांजर हवं होतं. त्याच कॅथेड्रलच्या 1305 ते 1467 या काळातल्या हिशेबात मांजराच्या नावाने दर तीन महिन्यांना 13 पेन्स खर्ची पडलेले दिसतात. म्हणजे मांजर तिथे जवळजवळ पगारावर होतं. भोक हे त्याचं कामावर यायचं दार.

माणसाचं आणि मांजराचं नातं मुळात असंच सुरू झालं. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरं आली. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. बेटावर मांजरं मूळची नव्हती, म्हणजे माणसाने होडीतून नेलेली. कुत्र्याला माणसाने कामासाठी घडवलं, गाय दावणीला बांधली. मांजर मात्र स्वतःच्या फायद्यासाठी आलं आणि आपला फायदा होतोय म्हणून आपण त्याला हाकललं नाही. या नात्यात दोन्ही बाजूंना निघून जायची मोकळीक होती.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला पलित नावाच्या उंदराची आणि लोमश नावाच्या मांजराची गोष्ट सांगतात. मांजर पारध्याच्या जाळ्यात अडकतं. उंदरावर मुंगूस आणि घुबड टपलेले असतात. उंदीर मांजराशी करार करतो: तू मला जवळ घे, मी तुझं जाळं कुरतडतो. पण कुरतडतो ते अगदी हळू. शेवटचा धागा तो पारधी दिसल्यावरच तोडतो, म्हणजे सुटलेलं मांजर आधी जीव वाचवायला पळेल, उंदराला खायला थांबणार नाही. नंतर मांजर गोड बोलून मैत्रीचा हात पुढे करतं. उंदीर बिळातूनच सांगतो की गरज संपली, आता लांबूनच बरं. गोष्टीतला एक तपशील मला फार आवडतो: या उंदराच्या बिळाला शंभर दारं होती. ज्याला बाहेर पडायला शंभर वाटा आहेत, तोच बरोबरीने करार करू शकतो. एकच दार असलेला विनंती करतो.

आईच्या झडपेचा पहिला अर्थ मला इथे सापडतो. झडप दोन्ही बाजूंना उघडणारी असायला हवी. आत येऊ देणारी पण बाहेर जाऊ न देणारी झडप म्हणजे पिंजरा. दिसायला दोन्ही सारखीच, फरक फक्त बिजागरीचा.

पण मांजरीला बाहेर जायचा हक्क दिला की त्याची किंमत कुणीतरी तिसराच मोजतो. परसातल्या चिमण्या, होले, सरडे. अमेरिकेत 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की तिथे मोकाट आणि पाळीव मांजरं मिळून वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात. आपण मांजरीला मोकळीक दिली, पण चिमणीला कुणी विचारलं नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला लगेच तांत्रिक उत्तर सुचतं. तशी उत्तरं आहेतही. मांजराच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात, तिच्यात 15 आकडी नंबर असतो, झडप तो नंबर वाचते आणि फक्त आपल्याच मांजरासाठी उघडते. शेजारचा बोका बाहेर. 2019 मध्ये ॲमेझॉनमध्ये काम करणाऱ्या बेन हॅम नावाच्या माणसाने याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्याचं मांजर पहाटे तोंडात शिकार घेऊन घरात यायचं. त्याने 23,000 हून जास्त फोटो वापरून कॅमेऱ्याला शिकवलं. मांजराच्या तोंडात काही दिसलं की झडप 15 मिनिटं बंद, मालकाला मेसेज, आणि पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला आपोआप देणगी.

ऐकून हसू येतं, आणि इंजिनिअर म्हणून कौतुकही वाटतं. पण इथे काय बदललं ते बघा. भोक हा हक्क होता. चिप लावली की तो परवाना झाला. कॅमेरा लावला की वागणुकीवर अवलंबून असलेला परवाना झाला. दार उघडायला आता कुणी झोपेतून उठत नाही, पण दर वेळी ठरवणारं कुणीतरी परत आलंय. मेहेरबानी परत आली, फक्त ती ऑटोमॅटिक झाली.

हे माणसांच्या बाबतीत आपण रोज करतो. शहरातल्या सोसायट्यांच्या गेटवर ॲप असतं. घरकामाला आठ-आठ वर्षं येणाऱ्या मावशी आल्या तरी फोनवर विचारणा होते आणि आपण मीटिंगमध्ये बसून बोटाने ‘अप्रूव्ह’ करतो. त्यांच्याकडे आपल्या स्वयंपाकघराची चावी असते, पण गेटमधून आत यायचा हक्क नसतो. रोज नव्याने परवानगी. सुरक्षा म्हणून ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण दाराचा हा प्रकार माणसाला रोज आठवण करून देतो की तू इथला नाहीस.

दाराचं दुखणं महाराष्ट्राला नवीन नाही. पंढरपूरच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये उपोषण केलं आणि दहा दिवसांनी ते दार उघडलं. त्याच मंदिराच्या महाद्वारासमोर चोखामेळ्याची समाधी आहे, दाराबाहेर. एका मांजरीच्या झडपेची त्या लढ्याशी तुलना करायची नाही, करूही नये. माणसाचा प्रवेश हा बरोबरीचा प्रश्न असतो. पण दोन्हीकडून एक गोष्ट कळते: दार हे लाकडाचं किंवा पत्र्याचं असण्याआधी निर्णयाचं असतं. आणि तो निर्णय नेहमी आतला माणूस घेतो.

मग आतल्या माणसावर जबाबदारी काय येते? सू डोनाल्डसन आणि विल किमलिका यांनी 2011 मध्ये ‘झूपॉलिस’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांनी प्राणी तीन गटांत मांडले. पाळीव प्राणी जवळजवळ आपल्या समाजाचे नागरिक, जंगली प्राणी त्यांच्या मुलखाचे स्वतंत्र मालक, आणि तिसरे मधले, आपल्यात राहणारे पण आपले नसलेले: चिमण्या, खारी, पारवे. तिसऱ्यांना आपण निवाऱ्याचा हक्क द्यावा, पण पोसायची जबाबदारी आपली नाही, असं साधारण त्यांचं म्हणणं. गावातलं मांजर नेमकं कुठे बसतं? आई म्हणते ‘येते’, ‘पाळलीय’ म्हणत नाही. मला वाटतं, दाराला भोक पाडलं त्या दिवशी मांजरी तिसऱ्या गटातून पहिल्या गटात गेली. भोक पाडणं म्हणजे न बोलता दिलेला शब्द आहे: तू येशील तेव्हा इथे काहीतरी असेल.

आमच्या जिल्ह्यात या शब्दाची परीक्षा दरवर्षी होते. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. बैल जातात, शेळी जाते, कधी कुत्रंही मागे लागतं. मांजर जात नाही. मांजराची ओढ जागेशी असते. घराला कुलूप लागतं, म्हातारी माणसं मागे राहतात, आणि पाच-सहा महिने मांजर त्या बंद दाराभोवती फिरत राहतं. झडप असती तर आत गेलं असतं, पण आत कोण असतं?

इथे पुण्यात बसून ‘शब्द मोडला’ असं म्हणणं सोपं आहे. पण जी बाई घराला कुलूप लावून जाते, ती पुढचे सहा महिने फडाशेजारच्या कोपीत राहते. त्या कोपीला दारच नसतं. फार तर लुगड्याचा पडदा. जिला स्वतःला बंद करता येईल असं दार नाही, तिच्याकडून मांजरीसाठी उघड्या दाराची अपेक्षा करायची का? जबाबदारी ही ऐपतीच्या मागे चालते. ज्याच्याकडे पळायला शंभर दारं आहेत त्याच्यावर ती जास्त, ज्याच्याकडे एकही नाही त्याच्यावर सगळ्यात कमी. म्हणून मांजरांचा विचार करायचा असेल तर आधी कोपीच्या दाराचा करावा लागतो. मांजरीवरची दया आणि माणसाचा न्याय ही एकमेकांशी भांडणारी कामं नाहीत, पण त्यांचा क्रम उलटा लावला की दया खोटी वाटू लागते.

आणि तरीही, मागे राहिलेल्या म्हाताऱ्या शेजारघरच्या मांजराला भाकरीचा कुटका टाकतात. कुणी सांगत नाही, कुणी ॲपवर नोंदवत नाही. दिलेला शब्द एकाने सोडला तर दुसऱ्याने उचलायचा, अशी ती रीत आहे. नैतिकता एकट्याच्या खांद्यावर पेलत नसेल तेव्हा ती गल्लीने पेलायची असते, हे मला कुठल्याही पुस्तकाआधी तिथे दिसलं.

तर आईच्या झडपेबद्दल माझं मत असं. भोक पाडावं. मांजरीच्या पोटाच्या उंचीला पाडावं, वीतभरच, म्हणजे घुशीला मोकळं रान होणार नाही. कापलेल्या पत्र्याची धार कानशीने घासून घ्यावी, नाहीतर पाठ सोलवटेल. झडपेला जुन्या ट्यूबचं रबर लावावं, वारं आणि पाणी अडेल. आतून एक कडी ठेवावी. पावसाळ्यात साप-विंचवाची भीती खोटी नाही, आणि घरातल्या माणसालाही रात्री निर्धास्त झोपायचा हक्क आहे. चिमण्यांसाठी पाण्याचं भांडं जमिनीवर न ठेवता उंच टांगावं. मांजरीचं ऑपरेशन करून घ्यावं, नाहीतर एका भोकातून पुढच्या वर्षी सात जणी येतील, आणि तेवढ्यांना शब्द देण्याची आपली ऐपत नाही.

कडी आहे म्हणजे हक्क पूर्ण नाही, हे मला मान्य आहे. कुठलंच दार पूर्ण उघडं नसतं, तसं असतं तर ते दार राहिलं नसतं. प्रश्न एवढाच असतो की मुळात दार उघडं आहे आणि कारण असेल तेव्हा बंद होतं, की मुळात बंद आहे आणि कुणी खरवडलं तर उघडतं. कोड लिहिताना याला आम्ही ‘डिफॉल्ट’ म्हणतो. सिस्टीम कुणासाठी बनवलीय हे तिच्या डिफॉल्टवरून कळतं. घराचंही तसंच आहे, गावाचंही, देशाचंही.

आणि शेवटचा मुद्दा, ग्रुपवरच्या वादात जो सगळ्यात कमी बोलला गेला. आम्ही सगळे दाराबद्दल मत देत होतो, पण त्या दाराआड रात्री एकटी असते ती आई. गुडघे तिचे, झोप तिची, सोबतही तिचीच. मांजरीला आत येण्याचा हक्क असावा की नाही यावर पानंच्या पानं लिहिता येतात. आईला स्वतःच्या घराच्या दाराला भोक पाडायचा हक्क आहे की नाही, यावर मात्र चर्चा व्हायचं कारण नव्हतं.