गाऱ्हाण्याचे सार्वजनिकत्व

नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत रहिवासी जी तक्रार घेऊन जातो, ती बहुधा त्याच्या स्वतःच्या उंबरठ्यापाशी सुरू झालेली असते. गटार तुंबलेले असते, नळाला पाणी नसते किंवा कोपऱ्यावरचा दिवा बंद असतो. तरीही अर्जात तो ‘आमच्या आळीतील सर्व रहिवाशांना’ असे बहुवचन वापरतो, आणि हे बहुवचन वापरण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, म्हणजेच एकट्याचा त्रास सार्वजनिक प्रश्न कधी ठरतो, हे नगरशासनाच्या नियमांत कोठेच सांगितलेले नसल्याने त्याचा विचार नीतिशास्त्राच्या अंगाने करावा लागतो.

कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याची, म्हणजे गावाच्या वतीने देवाला अडचणी सांगून त्या दूर करण्याची विनवणी करण्याची रीत आहे. नारळ ठेवून गुरव किंवा गावातला मानकरी देवाला हाक घालतो, कोणाच्या घरचे आजारपण, कोणाचे रखडलेले लग्न, मुंबईला गेलेल्या एखाद्या चाकरमान्याची नोकरी असे एकेक मांडत जातो, आणि प्रत्येक मागणीनंतर भोवती उभे असलेले सर्वजण ‘व्हय महाराजा’ म्हणून होकार भरतात. होकार भरणाऱ्याच्या घरी आजारी कोणी नसते आणि लग्नाचे कोणी रखडलेलेही नसते. दुसऱ्याच्या मागणीला तो आपला आवाज देतो एवढेच, पण तेवढ्यानेच ती मागणी गावाची होते. धर्मविधीतील हा होकार राजकीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवा होता. अर्थात त्याची मर्यादाही त्याच देवळात दिसते, कारण कोणी कोठे उभे राहावे आणि कोणाचे गाऱ्हाणे मुळात घातले जावे हे मानपानाने, म्हणजे जातीने व घराण्याने, आधीच ठरलेले असे.

ही मर्यादा महाडमध्ये उघडी पडली. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला, आणि महाड नगरपालिकेने 1924 मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावर खुल्या झालेल्या तळ्यातले पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी 20 मार्च 1927 रोजी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. पुढे सवर्ण रहिवाशांनी विरोध लावून धरला आणि त्याच नगरपालिकेने ऑगस्ट 1927 मध्ये आपला ठराव मागे घेतला. हा प्रसंग तत्त्वविचाराला अडचणीचा आहे, कारण बाह्यतः पाहता तोही रहिवाशांनी नगरपालिकेपुढे मांडलेला आणि नगरपालिकेने मान्य केलेला वस्तीचा प्रश्नच होता. त्यातही पुष्कळांचा होकार होता. केवळ होकाराने गाऱ्हाणे सार्वजनिक होत असेल, तर महाडच्या सवर्णांचे गाऱ्हाणे निर्दोष मानावे लागेल. या वादात न्यायालयात गेलेल्या सवर्ण वादींनी तळे खासगी मालकीचे असल्याचे म्हणणे मांडले, हे या दृष्टीने बोलके आहे: सर्वांची वस्तू काहींचीच ठेवायची, तर ती सर्वांची नाहीच असे सिद्ध करावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने 1937 मध्ये तो दावा अखेर फेटाळला.

कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांना शिकवणारे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ हा ग्रंथ त्याच 1927 साली प्रसिद्ध झाला, हा निव्वळ योगायोग आहे. दोन पक्षांतील व्यवहाराचे परिणाम त्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्यापर्यंत पोचतात आणि त्यांचे नियमन करणे भाग पडते, तेव्हा असे परिणाम भोगणारे सर्व मिळून ‘जनसमूह’ बनतात, असे ड्यूईंचे प्रतिपादन आहे. या कसोटीवर गाऱ्हाण्याला किती माना डोलावल्या हे पाहणे पुरेसे ठरत नाही. मागणी मान्य झाल्यावर जो भोगणार आहे, तो डोलावणाऱ्यांत होता का, हेही पाहावे लागते.

पुण्याच्या कचऱ्याचे उदाहरण येथे चपखल बसते. पेठेतला रहिवासी ‘आमचा कचरा उचला’ म्हणतो, गाडी येते, त्याची तक्रार मिटते. तो कचरा मात्र वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगीच्या डेपोत जाऊन पडत राहिला, आणि तेथील लोकांनी दुर्गंधी व खराब झालेले विहिरींचे पाणी याविरुद्ध वारंवार रस्त्यावर येऊन गाड्या अडवल्या. ही गावे 2017 मध्ये महापालिकेत समाविष्ट होईपर्यंत तेथील रहिवासी पुण्याचे मतदारच नव्हते, त्यामुळे ज्या सभागृहाचा निर्णय त्यांच्या विहिरीत उतरत होता, त्यात त्यांच्या बाजूने बोलणारा नगरसेवक निवडून देण्याची सोयही त्यांना नव्हती. पेठेतल्या माणसाने काही अन्याय केला असे म्हणता येणार नाही, पण त्याच्या अर्जातले ‘सर्व रहिवासी’ अपुरे होते.

74व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली, आणि महाराष्ट्राच्या कायद्यात त्याखाली क्षेत्रसभेचीही, म्हणजे मतदान केंद्राच्या परिसरातील मतदारांच्या सभेचीही, तरतूद आहे. खेड्यातील ग्रामसभेचे हे शहरी रूप प्रत्यक्षात फारसे उतरले नाही. त्याच्या जागी आलेल्या तक्रार नोंदणीत प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि निवारण झाल्याचा संदेशही स्वतंत्रपणे येतो, ज्यात सोय पुष्कळ असली तरी शेजाऱ्याने शेजाऱ्याचे ऐकण्याचा प्रसंगच येत नाही. क्षेत्रसभा उद्या खरोखर भरू लागली, तर हा प्रसंग पुन्हा येईल. परंतु तिचे सदस्यत्व मतदार यादीवर ठरत असल्याने त्या आळीत दिवसभर भाजी विकणारा, घरकामाला येणारी बाई आणि नाव अजून गावाकडच्या यादीत असलेला भाडेकरू यांना तेथे होकार भरण्याचा किंवा नकार देण्याचा हक्क राहणार नाही, आणि फेरीवाले हटवण्याची मागणी तेथे एकमताने संमत होण्यात कोणतीच कायदेशीर अडचण येणार नाही.