पडद्यासमोरचा साक्षीदार

सिनेमा ही करमणूक आहे, तीन तास बसावं आणि विसरून जावं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण २०२५ च्या फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत आम्ही जे चार चित्रपट पाहिले, त्यांनी विसरण्याची सोय ठेवली नाही. आम्ही म्हणजे येवल्यातले पाच-सहा जण. कुणी मागावर बसणारे, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. घरात दखनी बोलणारे आणि मराठी शाळेत शिकलेले. प्रत्येक चित्रपटानंतर वाद झाला, आणि प्रत्येक वादाच्या तळाशी एकच प्रश्न निघाला. चित्रपटाकडून आपण नेमकं काय मागतो? आपल्याला चांगलं दाखवा असं, की खरं दाखवा असं?

पहिला 'छावा'. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून लक्ष्मण उतेकरांनी केलेला हा चित्रपट १४ फेब्रुवारीला लागला. संभाजी महाराजांचा मार्च १६८९ मधला वध हा इतिहास आहे. त्यांचे हाल पाहताना आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. चौथीच्या पुस्तकातून शिवाजी महाराज शिकलेली आम्ही माणसं. ते दुःख आमचं नाही असं कोण म्हणेल? अडचण सुरू झाली ती दिवे लागल्यावर. शेजारच्या खुर्च्यांवरून काही नजरा आमच्याकडे वळल्या, जणू औरंगजेबाचा वारसदाखला आमच्याच खिशात आहे! पुढे खुलताबादच्या कबरीवरून आंदोलनं झाली, १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली, आणि मुख्यमंत्र्यांनीही विधानसभेत या चित्रपटाचं नाव घेतलं.

आमच्यातला एक जण म्हणाला, "असल्या चित्रपटांवर बंदीच हवी." ते बाकीच्यांना पटलं नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या क्रौर्याची गोष्ट सांगायचीच नाही, असं म्हणता येत नाही. मात्र बादशहाचा हिशेब आजच्या विणकराकडे मागायचा, याला कोणता न्याय म्हणायचा? विणकराचे बापजादे दरबारात नव्हते. ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते आणि त्यांच्यासाठी कुठलाही बादशहा म्हणजे कर वसूल करणाराच होता. हे जो दिग्दर्शक दाखवत नाही, तो खोटं बोलतो असं नाही, पण अर्धंच बोलतो. आणि उरलेलं अर्धं प्रेक्षक आपल्या मनातल्या भीतीने आणि रागाने भरून काढतो.

दुसरा चित्रपट दोनच आठवड्यांनी आला. रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. मनमाडपलीकडचं मालेगाव आमचं शेजारचं गाव. तिथल्या नासिर शेख या व्हिडिओ पार्लरवाल्या तरुणाने मित्र गोळा करून थोड्याशा पैशांत 'मालेगाव के शोले' काढला होता. पुढे पॉवरलूमवर राबणारा शफीक शेख 'मालेगावचा सुपरमॅन' झाला. फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये या मंडळींवर माहितीपटही केला. या चित्रपटाने आम्हाला जो आनंद दिला, तो कशाचा होता?

पहिलं उत्तर आलं, "आपल्याला चांगलं दाखवलं म्हणून." पण ते खरं नाही. त्या चित्रपटातली माणसं पैशावरून भांडतात, श्रेयावरून भांडतात, मित्र मित्राला दुखावतो. आनंद याचा होता की माणसांच्या हाताला काम होतं. वर्षानुवर्षं मालेगाव म्हटलं की बातमीत २००६ चे आणि २००८ चे बॉम्बस्फोट येत. २००६ च्या खटल्यात नऊ मुस्लिम तरुण आधी तुरुंगात गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. २००८ च्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला सुटले. मेलेल्यांच्या घरच्यांना गुन्हेगार कोण हे कळलंच नाही. अशा गावाच्या नावापुढे पडद्यावर प्रथमच माग, शुक्रवारची सुट्टी, मैत्री आणि सिनेमाचं वेड आलं. आजवर पडद्याने आपल्याला नवाब केलं, गुंड केलं, अतिरेकी केलं, नाहीतर नायकासाठी जीव देणारा दिलदार मित्र केलं. यातल्या कुणालाच महिन्याचं वीजबिल भरावं लागत नव्हतं. म्हणून आम्हाला वाटतं, देवमाणूस दाखवा ही मागणीच चुकीची आहे. दिलदार मित्र हाही एक प्रकारचा मुखवटाच.

तिसरा 'फुले'. अनंत महादेवन यांचा हा चित्रपट ११ एप्रिलला यायचा होता, तो २५ एप्रिलला आला. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले होते आणि सेन्सॉरनेही बदल सुचवले होते. सावित्रीबाईंच्या शेजारी फातिमा शेख पडद्यावर उभ्या राहिलेल्या पाहून आम्ही हरखलो. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रातला फातिमेचा उल्लेख आमच्यातल्या शिक्षकाने सगळ्यांना सांगितला. पण गंमत पुढे झाली. 'छावा'वर बंदी मागणारा आमचा मित्र आता आक्षेप घेणाऱ्यांना हसत होता. "इतिहास आहे, झोंबला तर झोंबू दे!" म्हणाला. शिक्षकाने शांतपणे विचारलं, "मग फेब्रुवारीत तुझा तराजू कुठे होता?" त्याला उत्तर सुचलं नाही. आमच्यापैकी दुसऱ्या कुणालाही सुचलं नाही.

आणि मग नोव्हेंबरात 'हक' आला. सुपर्ण वर्मांचा, शाहबानो खटल्यावर बेतलेला. इंदूरच्या त्या वृद्ध बाईला उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ती कायम केली, आणि पुढच्याच वर्षी संसदेने नवा कायदा आणून तो निकाल निष्प्रभ केला. हा चित्रपट पाहून घरोघरी जे बोललं गेलं, ते एका वाक्यात सांगता येईल: आत्ताच का? आजूबाजूला असं वातावरण असताना आपल्या घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?

ही शंका अगदीच पोकळ नाही. सांगणाऱ्याचा हेतू तपासण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आहे. पण हेतू संशयास्पद ठरला म्हणून बाईची भूक खोटी ठरत नाही. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, तेव्हाही "ही वेळ नव्हे" असंच ऐकवलं गेलं. १९८५ मध्येही वेळ नव्हती, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला तेव्हाही नव्हती. मग ती येणार कधी? घरातली बाई किती पिढ्या थांबणार? आमच्यातल्या एकाच्या अम्मींनी चित्रपट मोबाइलवर पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "उसकू पैसे देना था, बस." साठ वर्षांच्या वादविवादापेक्षा ते वाक्य आम्हाला मोठं वाटलं.

सूरह निसामध्ये श्रद्धावंतांना आज्ञा आहे की न्यायासाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. आम्हाला वाटतं, प्रेक्षकही साक्षीदारच असतो. अंधारात तो कशावर टाळी वाजवतो, कशावर हसतो आणि कशावर गप्प राहतो, ती त्याची साक्ष. शाहबानोसाठी हळहळणाऱ्याला नागपुरातल्या जळालेल्या गाड्या आणि घाबरलेली घरं दिसली पाहिजेत. नागपूरसाठी कळवळणाऱ्या आपल्याला आपल्या गल्लीतली टाकून दिलेली बाई दिसली पाहिजे. आमच्या गावात अस्सल पैठणीची एक साधी परीक्षा सांगतात: काठ उलटा करून बघा, मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसली पाहिजे.

याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. ज्या समाजात जन्मलो त्याला जाब विचारता येतो, हे या गावाच्या मातीला ठाऊक आहे. म्हणून आम्ही आपसात एक नियम केला आहे. चित्रपट संपल्यावर चहा येईपर्यंत कुणी मत द्यायचं नाही. आधी प्रत्येकाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: जो दुखावला गेला त्याच्या जागी मी असतो आणि माझ्या जागी तो असता, तरी मी हेच म्हणालो असतो का?

चहा हल्ली बऱ्याचदा थंड होतो.